गौरीजेवणातल्या उरल्यासुरल्याचं सूप

ताई, वाटीभर साधं वरण, भोपळ्याची भाजी, थोडा मसालेभात आणि पुरणाचा कट, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी, उरलाय, त्याचं सूप होईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की होईल, आणि चांगलं होईल, कारण कट हाताशी आहे.

उरलेल्या पदार्थांचं सूप बिघडतं ते बहुधा मिठाने. भाजीत मीठ, वरणात मीठ, भातात मीठ, आणि वर आपण ते उकळून आटवतो. पुरणाची डाळ आपण मिठाशिवाय शिजवतो, त्यामुळे कट अळणी असतो आणि बाकीच्यांचा खारटपणा पोटात घेतो. डाळीचं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, म्हणून दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लागत नाही. आपल्याकडे कटाची आमटी करतात ती उगाच नाही. फक्त कट ढवळून घ्या, दाट भाग तळाशी बसलेला असतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे सगळं दुपारी जेवणं झाल्यावर तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं होतं ना? भाद्रपदातल्या पुण्याच्या दमट हवेत दुपारपासून रात्रीपर्यंत ओट्यावर राहिलेलं अन्न वापरू नका. भाताच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. शिजवूनही टिकून राहणारे जंतू त्यात असतात आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात, ते पुन्हा उकळून जात नाही. पानात उरलेलं उष्टं तर सुपात नकोच.

3 वाट्या कट, ते वाटीभर वरण आणि वाटीभर भोपळ्याची भाजी एकत्र करा. फोडणीतले मेथीदाणे आणि मिरच्या वेचून काढा, मेथी वाटली गेली की सूप कडू होतं. मग मिक्सरमधून फिरवा. गरम असताना भांडं गच्च भरू नका, वाफेने झाकण उडतं. मसालेभात दोनच चमचे घाला, त्याहून जास्त घातला तर सूप निवल्यावर खिरीसारखं घट्ट होतं. उरलेला भात परतून वेगळा खा.

कणसं सोलली असतील तर दाणे काढलेले दांडे, कोबीचा दांडा आणि कोथिंबिरीची देठं कुकरला 4 वाट्या पाण्यात दोन शिट्ट्या करून गाळून घ्या. मक्याच्या दांड्यांचा गोडवा पाण्यात छान उतरतो. सूप हव्या त्या पातळपणावर आणायला साध्या पाण्याऐवजी हे पाणी वापरा. मंडईतून पैसे देऊन आणलेली भाजी आहे, तिची देठंसुद्धा आपलीच. अळूची देठं मात्र यात टाकू नका, घसा खाजेल.

चांगली खळखळून उकळी येऊ द्या. मग किसलेलं आलं, भरडलेली मिरी, तुपात जिऱ्याची फोडणी. भोपळ्याच्या भाजीत गूळ असतो, त्याला आंबट हवंच. जेवणातलं चिंचेचं पंचामृत उरलं असेल तर लिंबाऐवजी त्याचा एक चमचा घालून बघा. चिंच, तीळ, दाण्याचं कूट सगळं एकदम मिळतं. मीठ चव बघून अगदी शेवटी, बहुतेक लागणारच नाही.

दह्याची कोशिंबीर यात घालू नका, फुटते. एवढं सूप चार जणांना पुरतं. जास्त झालं तर गार करून लहान डब्यांत फ्रीझरला ठेवा, डबा वर दोन बोटं रिकामा ठेवून. फ्रीझरमधून काढून एकदा गरम केलेलं मात्र परत साठवू नका.