ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या 11 वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा आम्हाला हायसे वाटले, परंतु डॉक्टरांनी खरी काळजी आता घ्यायची आहे असे सांगून रोज रक्ततपासणीस बोलावले. प्लेटलेट एक लाखाच्या वर असताना याची गरज होती का? आणि तिला पुन्हा डेंग्यू होऊ शकतो का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. डेंग्यूमध्ये मुलांची प्रकृती बहुधा ऐन तापात नव्हे, तर ताप उतरत असताना ढासळते. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान केशवाहिन्यांमधून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो आणि पोटात व फुप्फुसांभोवती साचतो. ही गळती 24 ते 48 तास चालते. तेवढ्यात रक्त दाट होते, अवयवांचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि वेळेवर सलाइन मिळाले नाही तर मूल शॉकमध्ये जाते.

मुलांच्या बाबतीत फसगत होते ती इथेच. त्यांचे शरीर हा तुटवडा बराच वेळ झाकून ठेवते. वरचा रक्तदाब नेहमीसारखा असतो, मूल बोलत असते, आणि मग रक्तदाब एकाएकी कोसळतो. म्हणून गार पडलेले हातपाय, जलद पण क्षीण नाडी आणि वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर 20 किंवा त्याहून कमी होणे, ही चिन्हे मला प्लेटलेटच्या आकड्याहून महत्त्वाची वाटतात. रोजच्या तपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, चढत आहे का हे पाहायचे असते, कारण गळतीचा सुगावा त्यातूनच लागतो. प्लेटलेट बऱ्या असल्या म्हणून मूल सुरक्षित आहे असे मानणे मला धोक्याचे वाटते.

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणे, विलक्षण सुस्ती किंवा चिडचिड, सहा तासांत लघवी न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वयात आलेल्या मुलींना पाळीत फार रक्तस्राव होऊ शकतो आणि संकोचापोटी त्या तो सांगत नाहीत, म्हणून आईने आपणहून विचारावे. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. उपचारांअभावी गंभीर डेंग्यूत मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तर वेळेवर व जाणकार उपचार मिळाल्यास ते 1 टक्क्याखाली राहते.

पुन्हा डेंग्यू होऊ शकतो. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकारापासून मिळालेली प्रतिकारशक्ती इतरांपासून कायमचे संरक्षण देत नाही. उलट, पहिल्या संसर्गात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला पेशींत शिरण्यास मदत करू शकतात, त्यामुळे दुसरा संसर्ग अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. तिला पुढे कधी असा ताप आलाच, तर हा पूर्वेतिहास पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.