पायाच्या हाडावर बसवलेले दात, आणि आता हाड झिजतंय

प्रश्न: ह्यांचं तीन वर्षांपूर्वी खालच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पायातलं हाड काढून जबडा केला, मग रेडिएशनचे 30 शेक झाले. दीड वर्षानंतर त्या हाडात चार इम्प्लांट, म्हणजे दाताची धातूची मुळं, बसवून दात लावले. आता एक्सरेत दोन इम्प्लांटजवळचं हाड 2 मिलिमीटर कमी झालेलं दिसतंय, भोवती लाल मांस वाढलंय आणि ब्रश केला की रक्त येतं. इथले डॉक्टर म्हणतात काढून टाका. काय करावं? – एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, इम्प्लांट हलत नसेल तर लगेच काढायची घाई करू नका, आणि शेक दिलेल्या जागी खोदकाम तर ऑपरेशन केलेल्या टीमला विचारल्याशिवाय कुणालाच करू देऊ नका. शेकाने रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, कधीकधी हाडच मरतं, ते निस्तरणं फार अवघड जातं.

आता 2 मिलिमीटरचं. दात लावल्यावर पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटर हाड उतरणं साध्या जबड्यातही चालतं, पुढे मात्र वर्षाला 0.2 च्या वर जाऊ नये असा जुना हिशोब आहे, म्हणून दात लावले त्या दिवशीचा एक्सरे शोधा आणि आजचा त्याच्या शेजारी ठेवून बघायला सांगा, नुसत्या एका फोटोवरून झीज थांबलीय की चालू आहे हे कळत नाही. सगळी झीज पहिल्या वर्षातलीच असेल तर काळजी कमी, पण तुम्ही रक्ताचं लिहिलंय त्यामुळे मी ते सोडून देणार नाही.

माझ्या मते खरी गडबड त्या लाल मांसात आहे. पायाचं हाड घेताना बऱ्याचदा त्याच्यासोबत पायाची कातडीही तोंडात आणतात. ती जाड, सैल, खाली हाडाला न चिकटलेली, काहींच्या तोंडात तर तिच्यावर केसही उगवतात. हिरडी जशी दाताला घट्ट धरते तशी ही धरत नाही, मग इम्प्लांटभोवती खोल खोबण होते, त्यात भाताचं शीत जाऊन बसतं, सूज येते, मांस वाढतं आणि हळूहळू हाड खाली सरकतं. त्यात शेकामुळे लाळ कमी, तोंड नीट उघडत नाही, ब्रश मागे पोचत नाही, आणि हे पायाचं हाड जबड्यापेक्षा बुटकं, जेमतेम 13 ते 15 मिलिमीटर, म्हणून त्यावर बसवलेले दात उंच करावे लागतात आणि चावताना जोर जास्त पडतो.

यावर उपाय आहेत. वाढलेलं मांस काढून कातडी पातळ करतात, जमलं तर तोंडातल्या टाळूची पातळ साल लावतात जी घट्ट बसते. दात स्क्रूने बसवलेले असतील तर डॉक्टर ते उतरवून खालून साफ करू शकतात. घरी बारीक ब्रश, दातांच्या फटीत जाणारा, तो रोज रात्री प्रत्येक इम्प्लांटभोवती फिरवायचा, ह्यांना आरशात दिसत नसेल तर तुम्ही टॉर्च धरा, पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल तरी थांबू नका. तंबाखू, मावा परत चालू झाला असेल तर तो आजच बंद.

इम्प्लांट हलायला लागलं, पू आला किंवा ओठ बधिर झाला तर थांबू नका, लगेच टीमकडे जा. आणि जाताना शेकाचं कार्ड नक्की न्या, किती ग्रे (रेडिएशनचं माप) दिले आणि कुठल्या बाजूला ते त्यात लिहिलेलं असतं. मांस खूपच लवकर वाढत असेल तर एक तुकडा तपासायलाही सांगा, मूळ आजार कॅन्सरचा होता म्हणून.