बिडाचा गिअर आणि न्यूटन गाव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

रांजणगावला नोकरी लागल्याचं कळवलंस, पण सूर पडलेला वाटला. "काका, शेवटी कपडे धुवायच्या मशीनवरच आलो," असं लिहिलंयस. गाड्यांच्या कारखान्यात जायचं होतं, ठाऊक आहे मला. मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, ३५ वर्षं काढली. तुझ्या वयात मलाही डाय (साचा) कशी आहे यापेक्षा ती कुठल्या कंपनीची आहे याचंच अप्रूप असायचं.

आधी १९११ सालची एक गोष्ट ऐक. मिशिगनमधल्या सेंट जोसेफ गावात लुई अप्टन आणि त्याचे काका एमरी यांनी विजेवर चालणारी धुलाई यंत्रं बनवायला घेतली. शिकागोच्या एका कंपनीनं १०० नगांची ऑर्डर दिली. माल गेला आणि तक्रारी सुरू झाल्या, कारण आतला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गिअर टिकेना. अप्टननं एकेका मशीनचा गिअर काढून तिथं पोलादाचा, दात कापलेला गिअर बसवून दिला. ग्राहकानं पुढची ऑर्डर दुप्पट केली. तीच कंपनी पुढं व्हर्लपूल झाली. एवढं वाचून तू म्हणशील, दर्जा सांभाळला की झालं. थांब, न्यूटन गावाची गोष्ट ऐकायची आहे अजून.

न्यूटन हे आयोवा राज्यातलं मक्याच्या शेतांमधलं १५-१६ हजार वस्तीचं गाव. तिथं फ्रेडरिक मेटॅगचा कारखाना १८९३ पासून शेतीची अवजारं बनवायचा. पेंढ्यांचे बंध कापून त्या मळणीयंत्रात सारणारी यंत्रं हा त्यांचा मुख्य माल. हंगाम संपला की हाताला काम नाही. त्या रिकाम्या महिन्यांची पोकळी भरायला १९०७ साली त्यांनी लाकडी पिंपाचं, हातानं फिरवायचं धुलाई यंत्र काढलं. म्हणजे पुढं देशभर गाजलेला हा धंदा जोडधंदा म्हणून सुरू झाला! शेतावरच्या घरांत वीज नव्हती, तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी मशीनखाली छोटं पेट्रोल इंजिनच बसवलं.

त्यांचे खरे मोठे दोन पराक्रम मात्र ओतकामातले आणि रचनेतले. १९१९ च्या सुमारास अख्खं पिंप अॅल्युमिनियमचं, एकसंध ओतायचं ठरलं. एवढं मोठं ओतीव काम बाहेरून जमेना, म्हणून त्यांनी स्वतःची फाउंड्री (ओतशाळा) उभारली. मग १९२२ साली त्यांच्याच हॉवर्ड स्नायडरनं घुसळणारा भाग झाकणातून काढून तळाशी नेला. आपल्या ताकाची रवी वरून न फिरवता माठाच्या बुडातून फिरवावी, तसं. पाणीच कपड्यांतून जोरानं फिरू लागलं, कपडे ओढले जाईनात. त्यानंतर शेतीची अवजारं मागं पडली ती कायमची. १९२७ पर्यंत मेटॅगची दहा लाख मशीन बाहेर पडली होती.

सगळं गोडगोड नव्हतं. १९३८ साली पगारात १० टक्के कपात केली म्हणून कामगार कारखान्यातच ठिय्या देऊन बसले. गव्हर्नरनं नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्यदल) पाठवली आणि शेवटी माणसं कपात सोसूनच कामावर परतली. पुढं हाताशी काम नसलेल्या एका दुरुस्ती मेकॅनिकची जाहिरात मेटॅगनं १९६७ पासून टीव्हीवर दाखवली: मशीन बिघडतच नाही, बिचारा एकटा बसून आहे. लोकांना ती पटली, कारण मशीन खरंच टिकायची. मग १९९७ साली पुढून दार असलेलं नेपच्यून नावाचं मॉडेल आलं, त्यात बुरशीच्या आणि वासाच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या.

२००६ साली व्हर्लपूलनं मेटॅग विकत घेतली. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. आज मेटॅग नावाची मशीन ओहायोतल्या क्लाइड गावी व्हर्लपूलच्याच कारखान्यात तयार होतात. नाव राहिलं, गावाचं काम गेलं. जुन्या शेडमध्ये नंतर पवनचक्क्यांचे मनोरे बनू लागले. मला हे पटतं आणि टोचतंही. मशीन टिकणं आणि ती बनवणाऱ्या गावाची रोजी टिकणं यांचे हिशेब निराळे लिहिले जातात, हे तुला पहिल्याच महिन्यात कळलेलं बरं.

अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराचंही थोडक्यात सांगतो. जीईनं (जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं) १९५० च्या दशकात तिथं अप्लायन्स पार्क, म्हणजे घरगुती यंत्रांच्या कारखान्यांची वसाहत, वसवलं. १९५४ साली पगाराचे हिशेब करायला युनिव्हॅक संगणक आणला, तोही तिथंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २३,००० माणसं तिथं कामाला होती. पुढं ती फार घटली. २०१६ पासून जीईचा हा घरगुती यंत्रांचा धंदा चीनच्या हायर कंपनीकडे आहे, आणि हायरचा कारखाना तुझ्या रांजणगावातही आहे. म्हणून "कपड्यांच्या मशीनवर आलो" असं म्हणू नकोस. ज्या दुनियेत तू आलायस तिचा इतिहास तुला आता कामाला लागणार आहे.

सध्या एवढं कर. लाइनवर उभं राहून वेग मोजण्याआधी परत आलेला माल ठेवतात त्या खोलीत बस. तिथं तुटलेले गिअर, झिजलेली बेअरिंगं, गळके सील पडलेले असतात. एकेक उचल, दात कुठल्या बाजूनं झिजलाय ते पाहा, वहीत चित्र काढ. फोटोवर विसंबू नकोस, चित्र काढताना नजर बसते. ओतकाम कुठून येतं ते विचार, जमलं तर त्या फाउंड्रीत जाऊन ये. ही वही तुझी, कंपनीचं नाव बदललं तरी.

पहिल्या पगारातून आईला मशीन घेऊन देणार म्हणालास. घे, पण आधी घरी जाऊन वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी बादलीत किती वेळात भरतं ते घड्याळ लावून बघ. धार बारीक असली तर फुल्ली ऑटोमॅटिक तासभर नुसतं भरतच बसेल आणि आई हातानंच धुवून मोकळी होईल. तसं असेल तर सेमी घे.

तुझा,
काका