बाप्तिस्मा न घेतलेला चांगला माणूसही नरकातच जातो का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील वारले, तर मेल्यावर पुढं काय होतं असं हे लोक मानतात. आणि बाप्तिस्मा न घेतलेला माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या वाट्याला नरकच का.

पहिलं उरकून टाकतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत पुनर्जन्म नाही. माणूस एकदाच मरतो, त्यानंतर न्याय. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, नुसता आत्मा नाही, शरीरासकट. म्हणून पुरायची रीत. तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं ते देवाच्या कृपेनं, विश्वास ठेवल्यानं. पुण्याची बेरीज करून कोणी स्वर्गात जात नाही. कॅथलिक लोक मध्ये शुद्धीकरणाची एक अवस्था मानतात आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, करतात. आम्ही प्रोटेस्टंट मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाही, मागं राहिलेल्यांसाठी करतो. दफनाला अवश्य जा, फुलं न्या, मूठभर माती टाका.

आता दुसरा भाग. याच्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे.

माझी आई वारकरी घरातली. जालन्याला नर्सिंग शिकायला आली, पप्पांशी लग्न ठरलं तेव्हा बाप्तिस्मा घेतला. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, कधीच घेतला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आली ती राहिलीच. गळ्यात तुळशीची माळ, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला सगळ्यात आधी सतरंजीवर बसलेली. टाळ स्वतःचे आणले होते. नारायण वामन टिळकांचं भजन लागलं की डोळे मिटून ठेका धरायची. एकदा विचारलं, ‘हे कोणत्या संताचं?’ पप्पा म्हणाले, ‘टिळकांचं. बामण होते, ख्रिस्ती झाले.’ म्हातारी म्हणाली, ‘होईनात का. गोड लिव्हलंय.’ आणि पुन्हा म्हणायला लावलं.

ती गेली तेव्हा मामांनी गावाकडं नेऊन अग्नी दिला. दहावा शहागडला, गोदावरीच्या काठी. पप्पा गेले. पिंडाला हात लावला नाही, मंत्र म्हटले नाहीत; मामांच्या शेजारी हात जोडून उभे राहिले, एवढंच. कावळा लवकर शिवेना, तेव्हा मामांनी मोठ्यानं सांगितलं, ‘माय, तुझ्या लेकीला अंतर देणार नाही.’ त्यावर पप्पांनी मान हलवली. आम्हाला तिकडं जीपमध्ये घेऊन गेला होता माझा चुलतभाऊ. तो तेव्हा नुकताच एका नव्या प्रार्थनागटात जायला लागला होता. सगळा वेळ टपरीवर चहा पीत बसला.

पुढच्या आठवड्यात त्यानं चर्चच्या कमिटीत विषय काढला. चर्चच्या वडीलमंडळींत, म्हणजे कारभाऱ्यांत, असलेला माणूस पिंडदानाला उभा राहतो, याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, द्यायचं का? आणि आईच्या तोंडावर, चपलाही न काढता, दारातूनच म्हणाला, ‘काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण म्हातारीचा आत्मा वाचला नाही.’ आईनं त्याच्यासाठी ठेवलेला चहा मोरीत ओतला.

पप्पा कमिटीत फार बोलले नाहीत ते बरं. एवढंच विचारलं, वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला बाप्तिस्मा कोणी दिला होता? तरी त्याला ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं सांगितलंच ना? भावाकडं उत्तर तयार होतं: चोरानं विश्वास ठेवला, आजीनं ठेवला का? पप्पा म्हणाले, ‘शेवटच्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं, ते तुला कोणी येऊन सांगितलं?’ पप्पांचं प्रभुभोजन चालू राहिलं. भाऊ मात्र आमचं चर्च सोडून गेला तो गेलाच.

मला विचाराल तर अमका नरकात आहे असं नाव घेऊन सांगणारा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीवर फुकट चढून बसलेला असतो, आणि ती खुर्ची बायबलमध्ये कोणाही माणसाला दिलेली नाही. शिवाय आमचं घराणं बेथेलचं. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले मिशनरी नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले, त्यांनी जवळच बेथेल गाव वसवलं, तिथं आमचा खापरपणजा ख्रिस्ती झाला. त्याचे आईबाप नव्हते झाले. भावाचा हिशेब खरा धरला तर ते दोघंही नरकात गेले. हे त्याला विचारलं की तो फोन ठेवतो.

कॅथलिकांनी यावर स्पष्ट लिहून ठेवलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे त्यांच्या बिशपांच्या जागतिक सभेनं, १९६४ साली मान्य केलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता, म्हणजे त्याचा संदेश, कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आता आजीला सुवार्ता कळली नव्हती असं म्हणता येत नाही, रोज ऐकत होती. म्हणून हे कलम तिला लागतं का यावर माझा आणि एका फादरांचा वाद झालाय. ते लागतं म्हणाले. मी वाद घालायला गेलो होतो, गप्प बसलो.

एक सांगायचं राहिलं. ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ हेही येशूचंच वाक्य आहे, आणि बरेच पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्याचा अर्थ माझ्या भावासारखाच लावतात. त्यामुळं मी लिहिलंय ते आमच्या मंडळीचं अधिकृत मत म्हणून कोणाला सांगू नका. मैत्रिणीच्या घरी तर हा प्रश्न काढूच नका. आणि तिथं कोणी आगाऊपणानं तुम्हालाच ‘तुमचं तारण झालंय का’ म्हणून विचारलं, तर बायबलमधला लूकचा २३ वा अध्याय काढायला सांगा, ४३ वं वचन, तेच चोराला सांगितलेलं. भावाला मी तेच पाठवतो, दर गुड फ्रायडेला. निळी खूण येते, उत्तर येत नाही.