एडिसनची डीसी हरली होती ना? मग आसामची जलविद्युत आग्र्याला डीसीने का नेतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शाळेत 'एडिसनची डीसी हरली, एसी जिंकली' असं शिकवलं, मग आसामकडची पाण्यावरची वीज आग्र्यापर्यंत डीसीने कशाला आणली? आणि ती वीज आपल्या महाराष्ट्रात येते का? पहिल्याचं उत्तर लांबतं, दुसऱ्याचं थोडक्यात देतो. चंद्रपूर–पडघे डीसी लाइनच्या पडघ्याकडच्या टोकाला माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न वाचून पुढे सरकवेना.

आधी एडिसनचं बघू. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, एसी म्हणजे सतत दिशा बदलणारी. तो हरला तो डीसीमुळे कमी आणि ११० व्होल्टमुळे जास्त. तारेतली गळती करंटच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच विजेला करंट निम्मा लागतो आणि गळती एक चतुर्थांशावर येते. ट्रान्सफॉर्मर एसीवरच चालतो, त्यामुळे व्होल्टेज चढवण्या-उतरवण्याची सोय एसीकडे होती आणि डीसीकडे नव्हती. आता आसाममधल्या विश्वनाथ चारियालीहून आग्र्याला येणारी लाइन घ्या. क्षमता ६००० मेगावॅट. एक तार अधिक आठ लाख व्होल्टवर, दुसरी उणे आठ लाखांवर. म्हणजे दोन तारांत सोळा लाख व्होल्टचा फरक. त्याने भागाकार केलात तर करंट येतो ३७५० अँपिअर. तीच वीज एडिसनच्या ११० व्होल्टने न्यायची म्हटली तर साडेपाच कोटी अँपिअर लागतील. ती तार किती जाड लागेल ते तुम्हीच बघा.

आणि 'हरली' म्हणतात तेव्हाही ती पुरती मेली नव्हती. १९०६ साली फ्रान्समध्ये आल्प्समधल्या जलविद्युत केंद्रातून ल्यों शहरापर्यंत डीसीनेच वीज जात होती, आणि ती व्यवस्था १९३६ पर्यंत चालली. जनित्रं एकामागून एक जोडून व्होल्टेज चढवायचे, सगळा यांत्रिक खटाटोप. मग १९५४ मध्ये स्वीडनने मुख्य भूमीवरून गोटलँड बेटाला समुद्राखालून डीसी केबल नेली, जेमतेम २० मेगावॅटची. तिथून आधुनिक डीसी सुरू झाली. एसीची डीसी करायला आधी पाऱ्याचे व्हॉल्व्ह होते, सत्तरच्या दशकात थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच आले.

पण आठ लाख व्होल्टच हवे होते तर एसीने तेवढे का नाही चढवले? इथे लेझमीचं पथक डोळ्यांसमोर आणा. एसी ग्रिडमधलं, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तारांच्या जाळ्यातलं, प्रत्येक जनित्र म्हणजे त्या पथकातला एक गडी. सगळ्यांनी एकाच ठोक्यावर, सेकंदाला पन्नास वेळा, एकदम हात टाकायचा. पथक छोटं असेल तर अडचण नाही. रांग मैलोन् मैल लांबली की ढोलाचा आवाज शेवटच्या गड्याला उशिरा पोचतो. विजेचा वेग प्रकाशाच्या जवळपासचा, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. पन्नासने भागा, म्हणजे एका आवर्तनात ती ६००० किलोमीटर जाते. विश्वनाथ चारियाली ते आग्रा अंतर आहे सुमारे १७२८ किलोमीटर. म्हणजे आग्र्याला ठोका ऐकू येईतो आसामवाला पाव आवर्तनाहून पुढे गेलेला असतो. दोन टोकांच्या ठोक्यांतला हा फरक वाढला की मधे एक धक्का बसायचा अवकाश, दोन्हीकडची जनित्रं एकमेकांना हिसके देऊ लागतात आणि लाइन ट्रिप होते. टाळायचं तर मधे दर काही शे किलोमीटरवर उपकेंद्र, कपॅसिटर, रिॲक्टर असे टेकू द्यावे लागतात. डीसीला ठोकाच नसल्यामुळे ठोका चुकायचाही प्रश्न येत नाही.

मी नवीन मुलांना सांगायचो, डीसी लाइन म्हणजे विनाथांबा एसटी. मधल्या रस्त्यात स्वस्त आणि वेगवान, पण चढायचा आणि उतरायचा खर्च दांडगा. दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारी कन्व्हर्टर स्टेशनं लागतात, त्यांचे खास ट्रान्सफॉर्मर, एकराएकरावर पसरलेले फिल्टर. हा खर्च वसूल व्हायला साधारण ६०० ते ८०० किलोमीटर तरी जावं लागतं. म्हणून कोयनेची वीज मुंबई-पुण्याला एसीनेच येते, तिथे डीसी म्हणजे उगाच पैशांचा चुराडा झाला असता. चंद्रपूर–पडघे ७५२ किलोमीटर आहे. ती १९९९ साली सुरू झाली, १५०० मेगावॅटची, आणि हिशोबात बसली.

आसामच्या बाबतीत मात्र खर्चाइतकंच कारण नकाशात आहे. ईशान्येकडून उरलेल्या देशाकडे यायची जमिनीवरची वाट एकच, सिलीगुडीची चिंचोळी पट्टी, अरुंद जागी जेमतेम बावीस किलोमीटर. रेल्वे, महामार्ग, तेलाच्या पाइपलाइन, सगळं त्यातूनच जातं. अरुणाचलच्या नद्यांवर पुढेमागे हजारो मेगावॅट तयार होणार असतील तर त्या पट्टीत तारांचं जंगल उभं करायला जागा कुठून आणणार? आठ लाख व्होल्टच्या डीसीला ६९ मीटर रुंदीचा पट्टा पुरतो आणि त्यातून ६००० मेगावॅट जातात. शिवाय एसीत वीज सोपी वाट दिसेल तिकडे पळते. डीसीत कंट्रोल रूममधला माणूस आकडा टाकतो आणि बरोब्बर तेवढीच वीज जाते.

आता कन्व्हर्टर स्टेशनच्या आतली एक गोष्ट सांगून टाकतो. स्टेशनचं काळीज म्हणजे व्हॉल्व्ह हॉल. तळहाताएवढ्या थायरिस्टरच्या चकत्या एकावर एक रचून केलेले मजल्यामजल्यांचे डोलारे असतात, आणि ते जमिनीवर उभे नसतात, छताला झुंबरासारखे टांगलेले असतात. भूकंप झाला तर उभा खांब मोडेल, टांगलेला झुलेल. आसामसारख्या भूकंपप्रवण भागात हे किती मोलाचं ते सांगायला नको. लाइन चालू असताना आत कुणीही जात नाही, खिडकीतून बघायचं. बाहेर कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरची घरघर साध्या ट्रान्सफॉर्मरसारखी एकसुरी नसते, जरा खरखरीत असते. सवय झाली की झोपेतून उठूनही कळतं, लोड बदलला.

आणि धूळ! डीसीची तार धूळ ओढून घेते, कारण तिचं क्षेत्र दिशा बदलत नाही. उन्हाळाभर इन्सुलेटरवर पुटं चढतात. मुसळधार पाऊस आम्हाला आवडायचा, धुऊन काढतो. भीती असायची ती मृगाच्या पहिल्या शिडकाव्याची. धूळ ओली होते पण वाहून जात नाही, आणि रात्री यार्डात निळसर चरचर दिसायला लागते.

आता या सगळ्यातलं माझं नावडतं. विनाथांबा गाडी मधल्या गावाला थांबत नाही. डीसीचं मधे स्टेशन काढणं महाग आणि कटकटीचं असतं. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ब्रेकर ठिणगी विझवून घेतो. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून ती मधे तोडणं अवघड. आग्र्याच्या लाइनला पश्चिम बंगालमध्ये अलीपूरद्वारला मधलं स्टेशन आहे, भूतानची जलविद्युत तिथे चढते, आणि आठ लाख व्होल्टवर असं करणारी जगातली ती पहिली. पण ज्याच्या शेतात टॉवर उभा आहे त्याला काय? आमच्याकडेही लाइनखालचे शेतकरी विचारायचे, 'साहेब, एवढी वीज डोक्यावरून जाते, आमच्या पंपाला रात्रीचीच का?' तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या बांधावर उभं राहून ते द्यायला जीभ रेटायची नाही.

मोझांबिकचं काहोरा बासा हे याचंच टोकाचं रूप. झांबेझी नदीवरच्या धरणातून १४२० किलोमीटर तार टाकून १९२० मेगावॅट थेट दक्षिण आफ्रिकेला. ती सुरू झाली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. मग यादवी युद्धात बंडखोरांनी हजाराहून जास्त टॉवर पाडले, आणि १९९७ पर्यंत लाइन जवळपास बंदच राहिली. पाणी होतं, जनित्रं होती, वीज न्यायला तार नव्हती.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. आग्र्याची लाइन २०१५ पासून चालू व्हायला लागली, पण जिच्यावर मोठी भिस्त तो २००० मेगावॅटचा सुबनसिरी जलविद्युत प्रकल्प आंदोलनांमुळे २०११ च्या डिसेंबरात थांबला तो २०१९ च्या ऑक्टोबरातच पुन्हा हलला. गाडी तयार आणि प्रवासी घरीच. यावरून लाइनवाल्यांना नावं ठेवणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. काहोरा बासाचं बघितल्यावर तार आधी झालेली परवडली.

आता दुसरा प्रश्न. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला मिळालं. तेव्हापासून अख्खा देश एकाच ठोक्यावर लेझीम खेळतो. त्यामुळे आसामची वीज आग्र्याला उतरली की ती सामायिक हौदात पडते. तुमच्या पंख्यात कुठल्या नदीचं पाणी आहे हे कुणीच सांगू शकत नाही. कागदावर करार असेल तर हिशोब लागतो, एवढंच.

बाय द वे, ही गाडी परतही जाते. हिवाळ्यात तिकडच्या नद्या आटतात, तेव्हा आग्र्याकडून ईशान्येकडे वीज पाठवायची सोय या लाइनमध्ये आहे. गंमत अशी की थायरिस्टरमधून करंट एकाच दिशेने जाऊ शकतो, म्हणून दिशा उलटवताना करंट तसाच ठेवतात आणि तारांचे अधिक-उणे बदलतात. काल अधिक आठ लाखांवर असलेली तार आज उणे. खाली उभं राहून बघितलंत तर काहीच बदललेलं दिसणार नाही.