कागदी पॅकेजिंगच्या धंद्याला भवितव्य आहे का?

नक्कीच आहे. ऑनलाइन खरेदी वाढतेय, प्लॅस्टिकवर बंधनं येताहेत. खोक्यांची मागणी आटणार नाही. खरी गोम कच्च्या मालात आहे. कोरुगेटेड खोक्याची कड फाडून बघा, दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी थर दिसेल. खोक्याचा ताठपणा त्यातूनच येतो. पण कागदाचे तंतू साधारण ५ ते ७ वेळाच पुन्हा वापरता येतात. दर फेरीत ते आखूड होतात, म्हणून नवा लगदा मिसळावाच लागतो. क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांसाठी लागणारा मजबूत तपकिरी कागद, महागला की खोकेवाला भरडला जातो, कारण ग्राहक लगेच दर वाढवून देत नाही. शिवाय ओल! दमट गोदामात थप्पीतली खालची खोकी दबतात. त्यावर उपाय म्हणून प्लॅस्टिकचा थर चढवला की रिसायकलिंग अवघड होतं, आणि हे मला मनापासून खटकतं.