एअरबॅगचा दिवा 'काढून टाकतो' म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका

तुम्ही विचारलंय की २०१८ची सेकंड हँड हॅचबॅक घेतली, गाडी चालू केली की एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि विझतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, "बेल्ट लावता ना, मग काही होत नाही. तीनशे रुपयांत दिवाच काढून टाकतो." काढून घ्यावा का, आणि एकूणच गाडीची निगा कशी राखावी?

नाही. दिवा अजिबात काढून घेऊ नका, आणि त्या गॅरेजची पायरी परत चढू नका. जो माणूस दोष शोधायच्या आधी दोष सांगणारा दिवा काढायला निघतो, त्याच्या हातात ब्रेकचं काम तरी कसं द्यायचं?

मी भोसरीला गाड्यांचं वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारे वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. गाडीतल्या शेकडो वायरींमध्ये एअरबॅगची वायर लांबूनही ओळखू येते, कारण तिचं कव्हर आणि कनेक्टर पिवळे असतात. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी दिसलं की हाय व्होल्टेज, आणि कुठल्याही गाडीत पिवळं दिसलं की एअरबॅग, हात लावायचा नाही. त्या कनेक्टरला साध्या लॉकवर आणखी एक लॉक असतं. आत एक छोटी पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे अंगातल्या स्टॅटिकने वगैरे एअरबॅग चुकून उडू नये. एवढी काळजी आम्ही एका बोटाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी घेतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आता हे ऐका. आमच्या ताईच्या यजमानांनी, म्हणजे भावोजींनी, काही वर्षांपूर्वी एका डीलरकडून जुनी सेडान घेतली. गाडी दिसायला चकाचक, रनिंग कमी, सिंगल ओनर. कोथरूडला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. ताई म्हणाली, बसून तर बघ. मी बसले आणि नुसती इग्निशन ऑन केली, इंजिन चालू न करता. सवयीने डोळे मीटरवर गेले. ऑइल, बॅटरी, इंजिन, एबीएस, सगळे दिवे लागले. एअरबॅगचा लागला नाही. बंद करून परत ऑन केलं. तेच.

मी म्हटलं, "भावोजी, एअरबॅगचा दिवा लागत नाहीये."

ते पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन उभे होते. "अगं, लागत नाही म्हणजे चांगलंच ना! लागला असता तर फॉल्ट."

असंच बहुतेकांना वाटतं, आणि त्यावरच या धंद्यातल्या काही लोकांची पोटं चालतात. इग्निशन ऑन केल्यावर हा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागून राहिला तर सिस्टीममध्ये दोष आहे. लागलाच नाही, तर एक तर दिवा गेलाय किंवा कुणीतरी तो मुद्दाम मारलाय. दुसऱ्या दिव्याला जोडून देणारेही आहेत. तेव्हा तो दिवा शेजाऱ्याबरोबरच लागतो, बरोबरच विझतो, आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

ताईने हट्ट धरला म्हणून गाडी वारज्याला माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा मागवला. एअरबॅग कधी उडवायची ते ठरवणारा कंट्रोलचा डबा म्हणजे ईसीयू. त्याच्यातल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून. तो उतरेपर्यंत थांबायचं असतं. मग स्टिअरिंगवरचं मधलं पॅड काढलं. आत एअरबॅगची घडी नव्हती. पॅडची मागची बाजू गोंदाने चिकटवलेली, आणि पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांत एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा पार्ट, खोचून वर काळी टेप गुंडाळलेली. उन्हाने टेपचा डिंक पातळ होऊन कनेक्टरवर ओघळला होता. डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्येही तोच प्रकार, वर नवंकोरं कव्हर.

रेझिस्टर का, तर ईसीयू एअरबॅगच्या आतल्या प्रज्वलकाचा, म्हणजे बॅग उडवणाऱ्या ठिणगीच्या पार्टचा, रेझिस्टन्स सतत मोजत असतो. तो साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. तेवढाच रेझिस्टर लावला की ईसीयूला वाटतं बॅग जागेवर आहे. या गाडीत मात्र ईसीयूमध्ये जुन्या अपघाताची नोंद पक्की बसलेली होती. ती पुसता आली नसणार, म्हणून शेवटी दिव्याचाच गळा दाबला. ईसीयूतल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्यावर अपघाताची नोंद पहिल्याच पानावर आली. सिंगल ओनरच्या त्या गाडीच्या दोन्ही एअरबॅग कधीच उडून गेल्या होत्या, आणि ताई रोज तिच्या पुढच्या सीटवर बसणार होती.

दोन एअरबॅग, ईसीयू, धडकेत बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर, डॅशबोर्ड मिळून कंपनीच्या पार्टचं कोटेशन लाखाच्या वर गेलं. भावोजींनी हात वर केले. त्या दिवशी त्यांनी जे मुद्दे मांडले ते प्रत्येक लग्नकार्यात पुन्हा निघतात, आणि तुमच्या गॅरेजवाल्याचा मुद्दाही तोच आहे, म्हणून इथे उत्तर देते.

पहिला मुद्दा, "आम्ही फियाटमधून महाबळेश्वरला जायचो, तेव्हा कुठे होत्या एअरबॅग?" तेव्हा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेही नव्हता. आज तिथे गाडीला १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्याच्या वर पळणारेही कमी नाहीत. ज्यांना काही झालं नाही ते गोष्टी सांगायला उरले. ज्यांना झालं ते सांगायला आलेले नाहीत.

दुसरा, "बेल्ट आहे ना." बेल्ट पाहिजेच. एअरबॅगवर एसआरएस लिहिलेलं असतं, त्याचा अर्थच बेल्टला जोड असा आहे. बेल्ट नसेल तर ब्रेक दाबल्याबरोबर शरीर पुढे सरकतं आणि बॅग फुगत असतानाच तोंड तिच्यावर जाऊन आदळतं. पण गॅरेजवाल्याने तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. धडकेच्या क्षणी बेल्ट मागे खेचून आवळणारा प्रीटेन्शनर त्याच ईसीयूवर चालतो. दिवा लागून राहिला असेल तर बहुतेक गाड्यांत एअरबॅगबरोबर तोही काम करेल याचा भरवसा नाही. म्हणजे तुमचा बेल्टसुद्धा पूर्ण ताकदीचा राहिलेला नाही.

तिसरा, "एअरबॅगनेच माणसं मरतात." जवळ बसलं तर इजा होते, हे खरं. धडक ओळखून बॅग फुगेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागात होतो. आपली पापणीसुद्धा तेवढ्यात लवत नाही. म्हणून छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं, लहान मुलं मागेच बसवायची, आणि मागे तोंड करून बसवायची बेबी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच ठेवायची नाही. डॅशबोर्डवर पाय नकोत. आणि आपल्याकडची खास गोष्ट, डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला गणपती. माझी श्रद्धा कुणापेक्षा कमी नाही, पण बॅग उडाली की ती मूर्ती समोरच्याच्या चेहऱ्यावर येणार. मीटरच्या बाजूला, झाकण सोडून बसवा.

भावोजींनी एअरबॅग बसवल्या नाहीत. वर्षभराने ती गाडी दुसऱ्या डीलरला एक्स्चेंजमध्ये दिली, आणि आतलं काहीही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सांगून कोण विकतं? मला तरी कुणी सांगितलं होतं?" ती गाडी आज पुण्यात, नाहीतर नगर-सोलापूरकडे कुणीतरी बायकापोरांना घेऊन चालवत असेल. या एका वाक्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे आणि मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. फसवले गेलात तर डीलरशी भांडा, ग्राहक आयोगात जा, नाहीतर नुकसान सोसा. पण ते पुढच्याच्या गळ्यात बांधायचा अधिकार तुम्हाला नाही. मी माझी जुनी गाडी विकताना स्कॅनरचा रिपोर्ट कागदपत्रांबरोबर दिला. भाव थोडा कमी आला, तरी दिला.

आता तुमच्या गाडीबद्दल. तुमचा दिवा लागतोय ही चांगली बातमी आहे, कारण तो अजून कुणी मारलेला नाही. खर्चाला घाबरू नका, पुष्कळदा दोष किरकोळ निघतो. पुढच्या सीटखाली पिवळा कनेक्टर असतो. सीट मागेपुढे करताना, व्हॅक्यूम मारताना, सीटखाली छत्री-बाटली कोंबताना तो सैल होतो. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणारी गुंडाळलेली वायरीची पट्टी, तुटली असण्याची शक्यता मोठी, ती बदलता येते. बॅटरी उतरलेली असली तरी काही गाड्यांत हा दिवा लागतो. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात.

आणि गाडी पाण्यात उभी होती का, हे जरूर बघा. एअरबॅगचा ईसीयू बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, मधल्या कन्सोलखाली फरशीलगत बसवलेला असतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. असं पाणी आत शिरलं की तो डबा सगळ्यात आधी भिजतो. कार्पेट उचलून खाली गंज आणि चिखलाची रेघ आहे का बघा, बेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या टोकाला मातीचा डाग आहे का बघा.

स्कॅनर असलेल्या ठिकाणी जा, दोषाचा कोड काढून घ्या आणि त्याची प्रिंट मागा. नुसता कोड पुसून देतो म्हणेल त्याला नाही म्हणा. स्वतः मल्टिमीटर घेऊन पिवळ्या वायरीला लावायला जाऊ नका, मीटरच्या करंटनेही बॅग उडू शकते. नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात दुसऱ्या गाडीची काढलेली एअरबॅग स्वस्तात मिळेल, ती घेऊ नका. ती कुठे पडून होती, भिजली होती का, कुणाला ठाऊक? जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये नेमकं हेच झालं होतं. उष्णता आणि दमटपणाने आतलं अमोनियम नायट्रेट बिघडलं, बॅग उडताना धातूचे तुकडे लोकांच्या अंगात घुसले, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून काही रिकॉल राहिलाय का तेही बघा. काम फुकट होतं.

निगेचं विचारलंत, तर रोजच्यासाठी फार काही लागत नाही. टायरची हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर गाडीइतकेच जुने असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना न्यूट्रल करू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. तिथले कितीतरी ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रल करून ब्रेक गमावून बसलेत. बेल्ट न लावताच त्याची बीप बंद व्हावी म्हणून बक्कलमध्ये अडकवायची ती नुसती क्लिप गाडीत पडली असेल तर आजच तोडून फेका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शॉपिंग साइटना तिची विक्री थांबवायला लावली होती. सीट कव्हर शिवून घेताना सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी आहे का ते आधी बघा. असली तर तिथे उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर बाजूची बॅग आतच अडकेल.

थोडं राहिलं. मी हार्नेसवाली आहे, मेकॅनिक नाही, तेव्हा तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल माझ्यापेक्षा खरं. मागून धडक बसली किंवा हळू वेगात ठोकर लागली तर पुढच्या एअरबॅग उघडत नाहीत, तो दोष नव्हे. 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा वेगळा दिवा लागलेला असेल तर कुणीतरी किल्लीने ती बाजू बंद केलेली असते, मोठा माणूस बसणार असेल तेव्हा ती चालू करा. आणि ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. २०१८च्या बेसिक व्हेरियंटमध्ये डावीकडे मुळातच बॅग नसू शकते, मग डीलर काहीही म्हणो. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला 'एअरबॅग' अशी अक्षरं कोरलेली आहेत का ते बघा, आणि व्हेरियंटचं नाव आरसीवरून पडताळा. मॉडेल, व्हेरियंट आणि स्कॅनरचा कोड इथे कमेंटमध्ये टाकलात तर कुठला कनेक्टर बघायचा ते सांगेन.